स्टीम जनरेटरच्या ट्यूबमधला गंज आणि संभाव्यतेचं मॉडेल: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

तुमच्या हातात अणुवीज केंद्रातल्या स्टीम जनरेटरच्या ट्यूबचा एक तक्ता येतो. रांग, स्तंभ, ट्यूबशीटपासूनची (ट्यूबची टोकं बसवलेल्या जाड पत्र्यापासूनची) उंची, तपासणीच्या सिग्नलचं व्होल्टेज, दोषाची खोली भिंतीच्या टक्क्यांत, आणि शेवटच्या रकान्यात 'प्लग' (बूच मारून बंद केलेली) किंवा 'चालू'. सोबत एकच प्रश्न असतो: पुढच्या आउटेजपर्यंत, म्हणजे तपासणीसाठी केंद्र पुन्हा बंद होईपर्यंत, यातली एखादी ट्यूब फुटण्याची किंवा गळण्याची शक्यता किती?

मी संख्याशास्त्र शिकून या कामात आले. वितरणं, अनुमान, सिम्युलेशन हे सगळं येत होतं. ट्यूबवर गंज कसा चढतो आणि तो कोण कशाने मोजतं, हे मात्र येत नव्हतं. त्यामुळे पहिलं मॉडेल दिसायला देखणं झालं आणि उत्तर चुकलं. धातुशास्त्राकडून येणाऱ्यांची अडचण बरोबर उलटी असते. दोन्हीकडच्या नव्या मंडळींचे सुरुवातीचे महिने वाचावेत म्हणून हा क्रम लिहिते आहे.

ट्यूब म्हणजे काय चीज आहे, ते आधी डोळ्यांसमोर आणा. दाबित पाण्याच्या अणुभट्टीत ट्यूबच्या आत सुमारे १५.५ मेगापास्कल दाबाचं, अणुभट्टीतून आलेलं किरणोत्सारी पाणी असतं. बाहेर टर्बाइनला वाफ पुरवणारं स्वच्छ पाणी. मधली भिंत साधारण एक ते सव्वा मिलिमीटरची, आणि अशा हजारो ट्यूब एकेका जनरेटरमध्ये. गळती लागली की किरणोत्सारी पाणी टर्बाइनच्या बाजूला येतं. आपल्या तारापूरची पहिली दोन युनिट उकळत्या पाण्याच्या जातीची, पण त्यांनाही दुय्यम स्टीम जनरेटर होते. त्यांच्या ट्यूब गळू लागल्यावर ते बाजूला काढावे लागले आणि प्रत्येक युनिटची क्षमता २१० मेगावॉटवरून १६० मेगावॉटवर आली.

हाताशी काय हवं

कामाला हात घालण्याआधी एवढं गोळा करा. यातलं एखादं नसेल तर तसं लिहून ठेवा, कारण नंतर त्याची जागा गृहीतक घेणार आहे.

- सर्व आउटेजमधल्या एडी करंट तपासणीच्या (ट्यूबमधून प्रोब फिरवून विद्युत सिग्नलवरून दोष शोधण्याच्या) नोंदी. ज्या ट्यूब तपासल्या आणि काही सापडलं नाही, त्यांच्याही.
- कोणत्या वर्षी कोणता प्रोब वापरला: बॉबिन, फिरता, की अ‍ॅरे. कॅलिब्रेशनची पद्धत मध्ये बदलली का?
- ट्यूबशीटचा नकाशा, आणि प्लग केलेल्या ट्यूबची यादी तारीख व कारणासह.
- ट्यूबचा मिश्रधातू, उष्णतोपचार आणि जमल्यास हीट नंबर (धातूची ओत कोणती ते सांगणारा).
- अणुभट्टी प्रत्यक्ष किती काळ आणि किती क्षमतेवर चालली, त्याचा इतिहास.
- पाण्याच्या रसायनाची नोंदवही. विशेषतः कंडेन्सर कधी गळला, क्लोराइड कधी वाढलं, गाळ कधी काढला.
- बाहेर काढून प्रयोगशाळेत कापून पाहिलेल्या ट्यूबचे अहवाल. हे थोडेच असतात, पण सोन्यासारखे असतात.
- आर किंवा पायथन, बेझियन कामासाठी स्टॅन हे सॉफ्टवेअर, आणि एक साधी वही.

विद्यार्थी असाल आणि कोणत्याही केंद्राची माहिती मिळण्यासारखी नसेल तरी सराव अडत नाही. अमेरिकेत प्रत्येक तपासणीनंतर केंद्र पुन्हा सुरू होऊ लागल्यापासून १८० दिवसांच्या आत स्टीम जनरेटर ट्यूबचा अहवाल तिथल्या न्यूक्लिअर रेग्युलेटरी कमिशनला द्यावा लागतो आणि तो त्यांच्या सार्वजनिक संग्रहात वाचायला मिळतो. नोकरीत असाल तर केंद्राची माहिती घरच्या लॅपटॉपवर किंवा इंटरनेटवरच्या कुठल्याही साधनात टाकू नका. परवानगी विचारून घेतलेली बरी.

१. आधी गंजाचं नाव ठरवा

'गंज' या एका शब्दाखाली अनेक वेगळे आजार आहेत. गाळाखाली पडणारे खड्डे म्हणजे पिटिंग. आतल्या बाजूने, प्राथमिक (म्हणजे अणुभट्टीकडच्या) पाण्यामुळे जाणारी ताण-गंजाची, म्हणजे ताण आणि गंज मिळून पडणारी, चीर वेगळी. बाहेरच्या बाजूने, ट्यूबना धरून ठेवणाऱ्या सपोर्ट प्लेटच्या फटीत सुरू होणारी चीर त्याहून वेगळी. जुन्या फॉस्फेट रसायनामुळे भिंत पातळ होणं वेगळं. कंपनामुळे आधारपट्टीवर घासून होणारी झीज तर गंजच नव्हे, पण तक्त्यात तीही त्याच रकान्यात येऊन बसलेली असते. प्रत्येकाची सुरुवात, वाढ आणि शेवट निराळा. सगळ्यांची सरमिसळ करून एकच वितरण बसवलं तर ते कशाचंच वर्णन करत नाही.

ट्यूबचा धातू कळला की अर्धा अंदाज येतो. मिल-अ‍ॅनील्ड (कारखान्यातच तापवून मऊ केलेला) अलॉय ६०० हा निकेलचा मिश्रधातू म्हटलं की ताण-गंजाच्या चिरा आठवायच्या. फ्रान्सच्या आंरी कोरिऊ यांनी १९५९ मध्येच हा धातू उच्च तापमानाच्या शुद्ध पाण्यात तडकतो, असं दाखवलं होतं; उद्योगाला ते पटायला बराच काळ गेला. नंतर उष्णतोपचार केलेला अलॉय ६०० आणि मग अलॉय ६९० आला. मोनेल ४०० (निकेल-तांब्याचा मिश्रधातू) म्हटलं की गाळाखालचं पिटिंग: कॅनडात ओंटारिओतल्या पिकरिंग केंद्राच्या बॉयलरमध्ये ते दिसलं. आपल्याकडे रावतभाट्याच्या पहिल्या युनिटांत आणि कल्पाक्कमच्या मद्रास केंद्रात मोनेल ४०० होतं; नरोऱ्यापासूनच्या जड पाण्याच्या भट्ट्यांत इन्कोलॉय ८०० आलं. कुडनकुलमचे रशियन स्टीम जनरेटर आडवे आणि स्टेनलेस स्टीलच्या ट्यूबचे. म्हणजे एका ठिकाणचे आकडे उचलून दुसरीकडे लावण्याआधी धातू, पाणी आणि रचना या तिन्ही गोष्टी जुळतात का, ते पाहायला हवं.

पुढचं उदाहरण मी मुख्यतः पिटिंगचं घेते, कारण नव्या माणसाला त्यात सगळे प्रश्न एकत्र भेटतात. चिरांचं वेगळेपण जिथे महत्त्वाचं आहे तिथे सांगेन.

२. घड्याळ बदला

कॅलेंडरची वर्षं वापरू नका. भट्टी बंद असताना ट्यूब वेगळ्या परिस्थितीत असते. म्हणून पूर्ण क्षमतेच्या समतुल्य वर्षांत काळ मोजतात: दोन वर्षं अर्ध्या क्षमतेवर चालली तर ते एक वर्ष.

चिरांच्या बाबतीत तापमानही घड्याळात धरावं लागतं. अलॉय ६०० मध्ये प्राथमिक पाण्याने चीर सुरू होण्यासाठी सक्रियण ऊर्जा सुमारे २०० किलोज्यूल प्रति मोल धरतात. तापमानानुसार वेग कसा बदलतो ते सांगणाऱ्या अर्‍हेनियसच्या सूत्रात घालून पाहा: ३२० अंश सेल्सियसवरचा एक तास हा २९० अंशांवरच्या जवळजवळ नऊ तासांइतका पडतो. गरम बाजू (जिथून प्राथमिक पाणी आत येतं) आणि थंड बाजू (जिथून ते बाहेर पडतं) एकाच तक्त्यात एकत्र मोजणं का चुकतं, ते एवढ्यावरून लक्षात यावं.

पिटिंगचं घड्याळ याहून लहरी आहे. ते बराच काळ थांबतं आणि मग एका घटनेने सुटतं. किनाऱ्यावरच्या केंद्रात कंडेन्सरची नळी गळून समुद्राचं पाणी आत आलं, किंवा गाळात तांब्याची ऑक्साइडं साठली, की खड्ड्यांना जोर चढतो. उलट गाळ धुऊन काढला की नवे खड्डे पडणं मंदावतं. म्हणून रसायनाच्या नोंदवहीतल्या अशा तारखा आलेखावर उभ्या रेषांनी आखून ठेवा. सगळ्या वर्षांतून एकच गुळगुळीत रेषा ओढलीत, तर दहा वर्षांपूर्वीच्या एका वाईट महिन्याचं ओझं तुम्ही पुढच्या दहा वर्षांवर टाकाल.

३. तपासणीचा डोळा समजून घ्या

या लेखातली हीच पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तक्त्यात दोष नसतात. प्रोबला दिसलेले आणि विश्लेषकाने नोंदवलेले दोष असतात. म्हणून गंजाचं मॉडेल बांधण्याआधी तपासणीचं मॉडेल बांधा.

त्याचे दोन भाग. पहिला, दोष सापडण्याची शक्यता, जिला सगळे पीओडी म्हणतात. उथळ दोष क्वचित सापडतो, खोल दोष बहुधा सापडतो. मधला प्रवास इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणाने होतो आणि तो लॉजिस्टिक वक्राने चांगला बसतो. दुसरा भाग मोजमापाच्या चुकीचा: खरी खोली ४० टक्के असताना प्रोब ३२ म्हणेल किंवा ४९ म्हणेल. ती चूक केवढी, हे बाहेर काढलेल्या ट्यूबवरून किंवा प्रोबच्या पात्रता-चाचण्यांवरून ठरतं.

पीओडीचा वक्र पुस्तकातून उचलून तसाच लावू नका. तो जागेनुसार बदलतो. तांबं मिसळलेल्या गाळाखाली, सपोर्ट प्लेटच्या कडेला, यू-बेंडमध्ये (ट्यूबच्या यू आकाराच्या वळणात) सिग्नलभोवती गोंगाट वाढतो आणि तीच खोली दिसेनाशी होते. न्यूयॉर्कजवळच्या इंडियन पॉइंट २ केंद्रात १५ फेब्रुवारी २००० रोजी दुसऱ्या रांगेतल्या एका ट्यूबचा यू-बेंड चीर जाऊन निकामी झाला. १९९७ च्या तपासणीत त्या चिरेचा सिग्नल गोंगाटात होता. तो ओळखला गेला नाही. प्रोब तिथून गेला होता, कागदावर तपासणी पूर्ण होती. अशा जागेसाठी पीओडी वेगळा धरायचा असतो, आणि तो कमी धरायचा असतो.

आणखी एक गोष्ट तक्त्यात लपलेली असते: रिकामा रकाना. त्याचा अर्थ 'तपासली, काही सापडलं नाही' असा आहे, की 'तपासलीच नाही' असा? दोन्हींचा परिणाम मॉडेलवर अगदी विरुद्ध होतो. जड पाण्याच्या भट्ट्यांत दर आउटेजला सगळ्याच ट्यूब तपासतात असं नाही. नमुना घेतात, आणि तोही जिथे त्रास आहे तिथला जास्त. त्या नमुन्याचं प्रमाण सरळ हजारो ट्यूबला लावलंत तर आकडा फुगतो. तपासणी करणाऱ्या गटाकडे प्रत्यक्ष जाऊन, चहा घेत, एकेक रिकामा रकाना विचारून घ्या. संगणकावर हे काम होत नाही.

४. मोजा: सापडलेले किती, असलेले किती

पिटिंगच्या संख्येसाठी पॉयसन प्रक्रिया (यदृच्छ वेळी घडणाऱ्या घटना मोजणारं मॉडेल) सोयीची, काळानुसार दर बदलणारी. तिचा एक सुंदर गुण इथे कामी येतो. प्रत्येक खड्डा पीओडीच्या शक्यतेने दिसतो आणि उरलेला लपतो असं मानलं, तर दिसलेल्यांची संख्याही पॉयसनच राहते, लपलेल्यांचीही, आणि दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र. म्हणून लपलेल्या खड्ड्यांचा हिशेब मांडणं वाटतं तेवढं अवघड नाही.

ढोबळ रूप असं: सापडलेली संख्या भागिले पीओडी, वजा प्लग केलेले. समजा ३० दोष सापडले, पीओडी ०.६ आहे, आणि १० प्लग केले. खरे दोष ५० च्या आसपास. पुढच्या सायकलमध्ये, म्हणजे पुढच्या आउटेजपर्यंतच्या चालू काळात, ४० जातात, त्यातले २० कुणी पाहिलेलेच नाहीत. अमेरिकेत सपोर्ट प्लेटजवळच्या बाहेरून जाणाऱ्या चिरांसाठी १९९५ साली व्होल्टेजवर आधारित निकष आला, त्यात हाच ०.६ चा स्थिर आकडा वापरायचा होता. सोपं आहे, पण स्थिर पीओडीचा अर्थ नीट ओळखा: एक खूप मोठा दोष सापडला की तेवढ्याच मोठ्या दोन तृतीयांश लपलेल्या दोषाची तुम्ही कल्पना करता. खोलीनुसार बदलणारा पीओडी असेल तर तो वापरणं जास्त प्रामाणिक.

चिरांसाठी बहुतेक ठिकाणी वायबुल वितरण वापरतात. वॉलोडी वायबुल यांचा १९५१ चा निबंध प्रसिद्ध आहे. ट्यूबच्या आयुष्यासाठी ते अजून कामाचं आहे. सूत्र शब्दांत: निकामी झालेला अंश म्हणजे १ वजा, ई चा उणे (काळ भागिले थीटा) चा बीटा घात. थीटा म्हणजे ज्या काळात ६३.२ टक्के ट्यूबला दोष होतो तो काळ, आणि बीटा म्हणजे तीव्रता.

सरावासाठी एक कल्पित गणित. ३००० ट्यूब, ६ वर्षांअखेर ३ चिरा, ९ वर्षांअखेर एकूण १५. लॉग घेऊन उतार काढला की बीटा जवळजवळ ४ येतो आणि थीटा सुमारे ३४ वर्षं. आता १२ वर्षांचा अंदाज काढा. सरळ रेषेने तीन वर्षांत १२ वाढले म्हणून २७ म्हणाल. वायबुल म्हणतं ४७. हा फरक म्हणजे पुरेसे प्लग आणि माणसं घेऊन आउटेजला जाणं, की तिथे गेल्यावर धावपळ करणं. अर्थात दोन बिंदूंवरून काढलेल्या बीटावर कुणी पैज लावू नये. त्याभोवतीचा अनिश्चिततेचा पट्टा दाखवलाच पाहिजे.

झिजेमुळे किंवा खबरदारी म्हणून प्लग केलेल्या ट्यूब चिरांच्या हिशेबात 'निकामी' नाहीत आणि 'धडधाकट'ही नाहीत. त्या अमुक वर्षापर्यंत ठीक होत्या एवढंच आपल्याला ठाऊक आहे. त्यांना सेन्सॉर केलेली निरीक्षणं म्हणून घाला. पुसून टाकू नका.

आणि काहीच सापडलं नसेल तर? शून्य हीसुद्धा माहिती आहे. n इतक्या ट्यूब तपासून शून्य दोष मिळाले, तर ९५ टक्के विश्वासाने दोषाचं प्रमाण साधारण ३ भागिले n पेक्षा कमी आहे असं म्हणता येतं. ६०० तपासल्या तर अर्ध्या टक्क्याच्या आत. पण हे ज्या दोषांना प्रोब हमखास पाहतो त्यांच्यापुरतंच खरं आहे. पीओडी अर्धा असेल तर ६०० च्या जागी ३०० धरा.

५. वाढ काढताना उणे आकडे ठेवा

माझी मोठी चूक इथे झाली. दोन आउटेजमधल्या खोलीची वजाबाकी केली, तर एक तृतीयांशाहून जास्त खड्डे उथळ झालेले निघाले. खड्डा भरून येत नाही, म्हणजे हे आकडे चुकीचे, असा विचार करून मी ते सगळे काढून टाकले. सादरीकरणात आमच्याकडच्या एका ज्येष्ठ तपासनीसांनी विचारलं, "मॅडम, जे आकडे उणे बाजूला चुकले ते तुम्ही काढलेत. जे अधिक बाजूला चुकले ते कुठे आहेत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते तसेच बसलेले होते, माझ्या सरासरीत.

हिशेब करून पाहा. मोजमापाच्या चुकीचं प्रमाण विचलन प्रत्येक वेळी भिंतीच्या जाडीच्या १० टक्के धरा. वजाबाकीत ते १४ टक्के होतं. खरी वाढ प्रत्येक सायकलला ५ टक्के असेल, तर सुमारे ३६ टक्के खड्डे आक्रसलेले दिसतील, एकही खड्डा प्रत्यक्षात आक्रसलेला नसताना. उणे आकडे काढून टाकले तर सरासरी वाढ ५ ऐवजी १३ च्या वर जाते. उणे आकड्यांना शून्य केलं तरी साडेआठ. 'जास्त धरलं तर सुरक्षितच की,' असं कुणी म्हणेल. पण अशाने निरोगी ट्यूब प्लग होतात, उष्णता देणारं क्षेत्रफळ कायमचं जातं, आणि कोणता खड्डा खरोखर वेगाने वाढतो आहे ते गर्दीत हरवतं.

योग्य रस्ता असा: खरी खोली अदृश्य आहे असं माना, ती कधीच कमी होत नाही असं माना, आणि मोजलेली खोली म्हणजे खरी खोली अधिक चूक असं लिहा. कधीच कमी न होणाऱ्या वाढीसाठी गॅमा प्रक्रिया फार सोयीची आहे. सगळे आकडे, उणे वाढीसकट, तसेच मॉडेलला द्या. गोंगाट कुठला आणि वाढ कुठली हे ते वेगळं करतं. दोन आउटेजमध्ये प्रोब किंवा कॅलिब्रेशन बदललं असेल तर त्या दोन वर्षांमध्ये सगळ्याच ट्यूबला एकसारखा सरकलेला फरक दिसेल. त्यासाठी वेगळा पॅरामीटर ठेवा, नाहीतर प्रोबचा बदल गंजाच्या नावावर जमा होतो.

एकाच ट्यूबवरचे खड्डे एकमेकांसारखे वागतात, एकाच जनरेटरमधल्या ट्यूबही. पदरचनेचं मॉडेल, म्हणजे खड्डा ट्यूबच्या आत, ट्यूब जनरेटरच्या आत, असं केलं की हे नीट बसतं. स्टॅनमध्ये ते लिहायला चार जास्त ओळी लागतात.

६. सरासरी सोडा, सर्वांत खोल खड्डा पाहा

गळती सरासरी खड्ड्याला लागत नाही. ४० खड्ड्यांपैकी प्रत्येकाची ७० टक्क्यांपुढे जाण्याची शक्यता फक्त १ टक्का असली, तरी त्यांतला निदान एक पुढे जाण्याची शक्यता ३३ टक्के होते. म्हणून वितरणाची शेपटी नीट बसायला हवी. मधल्या गर्दीवर सुंदर बसलेलं लॉग-नॉर्मल शेपटीकडे सपशेल फसू शकतं. ठरावीक खोलीच्या वरचे दोष वेगळे घेऊन त्यांना सामान्यीकृत पारेटो वितरण बसवून पाहा, किंवा प्रत्येक आउटेजचा सर्वांत खोल खड्डा घेऊन गंबेल; ही दोन्ही टोकाच्या मूल्यांसाठीची वितरणं आहेत. उंबरठा थोडा वर-खाली करा. उत्तर फार उड्या मारत असेल तर शेपटीत पुरेशी माहिती नाही, आणि तेही अहवालात यायला हवं.

७. खोलीवरून दाबाकडे या

अभियंत्याला खोलीत रस नसतो. ट्यूब किती दाब सहन करेल, यात असतो. भिंतीत अर्धवट गेलेल्या लांबट दोषासाठी प्रचलित सूत्र असं: फुटण्याचा दाब = ०.५८ × (यील्ड ताकद, म्हणजे धातू कायमचा ताणला जाऊ लागतो तो ताण, + अंतिम ताकद) × जाडी ÷ आतली त्रिज्या × [१ − खोलीचं प्रमाण × लांबी ÷ (लांबी + २ × जाडी)].

२२.२ मिमी व्यासाची, १.२७ मिमी जाडीची ट्यूब घ्या, ताकदींची बेरीज ९८० मेगापास्कल धरा. अखंड ट्यूब सुमारे ७३ मेगापास्कलला फुटते. २० मिमी लांब आणि ६० टक्के खोल दोष असेल तर ३४ ला. ७० टक्के खोल असेल तर २८ च्या किंचित खाली. आता अमेरिकेतला निकष लावा: सामान्य चालण्यातल्या दाबफरकाच्या तिप्पट, आणि अपघातातल्या सर्वाधिक दाबफरकाच्या १.४ पट, यांतला जो मोठा तो सहन झाला पाहिजे. दाबफरक ९.५ मेगापास्कल धरला तर तिप्पट होतात २८.५. म्हणजे ६० टक्क्यांची ट्यूब उत्तीर्ण, ७० टक्क्यांची नापास.

याच सूत्रात आता ३ मिमीचा खड्डा घाला, ८० टक्के खोल. फुटण्याचा दाब ४१ च्या पुढे येतो. सुटा खड्डा ट्यूब फोडत नाही, आरपार जाऊन गळवतो. म्हणून पिटिंगच्या मॉडेलचा प्रश्न मुख्यतः गळतीचा, आणि लांब चिरेचा प्रश्न फुटण्याचा. मी कितीतरी दिवस खड्ड्यांसाठी फुटण्याची शक्यता काढत बसले होते आणि उत्तर जवळजवळ शून्य येतं म्हणून मॉडेलमध्ये चूक शोधत होते.

अमेरिकेत भिंतीच्या ४० टक्के खोलीला प्लग करण्याची सर्वसाधारण मर्यादा आहे, आणि चालू गळतीची मर्यादा प्रत्येक स्टीम जनरेटरला दिवसाला १५० गॅलन, म्हणजे साधारण ५७० लिटर. कॅनडात, भारतात त्या-त्या नियामकांचे स्वतःचे नियम आहेत. तुमच्या केंद्राला लागू असलेलं कागदपत्र मागून घ्या. दुसऱ्या देशाचा आकडा सवयीने लिहू नका.

८. सिम्युलेशन दोन वळशांत चालवा

बाहेरच्या वळशात न जाणलेल्या गोष्टी बदला: वाढीचे पॅरामीटर, पीओडीचा वक्र, सूत्रातली चूक. आतल्या वळशात खऱ्या अर्थाने यदृच्छ गोष्टी: कुठला खड्डा किती वाढला, कुठल्या ट्यूबची ताकद किती. दोन्ही एकत्र ढवळले तर एकच आकडा मिळतो आणि 'आणखी तपासणी केली तर तो सुधारेल का?' या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. अमेरिकी पद्धतीत ९५ टक्के शक्यता आणि ५० टक्के विश्वास असं म्हणतात, ते या दोन वळशांमुळेच अर्थपूर्ण होतं.

किती वेळा चालवायचं? हजारात एक अशी शक्यता १० टक्के अचूकतेने हवी असेल तर निदान १०० वेळा ती घटना घडायला हवी, म्हणजे एक लाख फेऱ्या. दहा हजारांवर थांबून चार दशांश स्थळं छापू नका.

बेझियन पद्धत वापरत असाल तर पूर्वकल्पना (प्रायर, म्हणजे माहिती पाहण्याआधीचा अंदाज) कुठून आणली ते स्पष्ट लिहा. सारख्या धातूच्या, सारख्या पाण्याच्या भगिनी-केंद्रावरून घेतली असेल तर उत्तम. माहिती थोडी असताना पूर्वकल्पनाच उत्तर ठरवते, म्हणून ती दोन-तीन वेगवेगळ्या घेऊन तिन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवा.

९. शेवटचा आउटेज लपवून परीक्षा घ्या

शेवटच्या तपासणीची माहिती बाजूला ठेवा. आधीच्या माहितीवर मॉडेल बसवा आणि त्या लपवलेल्या आउटेजचा अंदाज करा. तुलना करताना मात्र सावध राहा: मॉडेल खरे खड्डे सांगतं, तक्ता दिसलेले सांगतो. म्हणून मॉडेलच्या खड्ड्यांवर आधी पीओडी आणि मोजमापाची चूक लावा, आणि मग तुलना करा. तीन गोष्टी पाहा: नव्या दोषांची संख्या, खोलीचं वितरण, आणि सर्वांत खोल दोष. संख्या जुळली पण सर्वांत खोल दोष दर वेळी अंदाजापेक्षा खोल निघाला, तर सहाव्या पायरीवर परत जा. संख्या एकदम दुप्पट निघाली, तर आधी त्या वर्षी प्रोब बदलला होता का ते विचारा आणि मगच गंजाला दोष द्या.

१०. आउटेजच्या आधी अंदाज नोंदवा

पुढच्या आउटेजच्या निदान महिनाभर आधी अंदाज तारखेसह नोंदवा आणि तपासणी गटाच्या हाती द्या. त्यात एकच आकडा देऊ नका. पट्टा द्या: नवे खड्डे इतक्यापासून इतक्यापर्यंत, सर्वांत खोल इतका, प्लग बहुधा इतके. सोबत एका पानावर गृहीतकं लिहा, कुठला पीओडी, कुठली पूर्वकल्पना, रसायनाच्या कुठल्या तारखेला तोड धरली. आउटेज चालू असताना शक्य असेल तर विश्लेषकांच्या खोलीत बसा. पडद्यावर सिग्नल सरकत असतात, कुणीतरी एखाद्या वेटोळ्यापाशी थांबतं, मागे जातं, शेजारच्याला विचारतं. तुमच्या तक्त्यातली एक ओळ तयार होताना तुम्ही पाहत असता, आणि तिसऱ्या पायरीतला वक्र पुढच्या वेळी कुठे बदलायचा, ते तिथेच लक्षात येतं.